पाठवलं खरं, पण पोचलं का?

डिस्चार्जच्या दिवशी मानसोपचार वॉर्डात दिसणारं दृश्य बहुतेक सारखंच असतं. वडील बिलाच्या रांगेत, आई पिशव्या भरतेय, मामा खाली रिक्षा धरून उभा. मुलगी चप्पल घालून पलंगाच्या कडेवर केव्हाची तयार. सिस्टर येतात, औषधांची पिशवी आणि डिस्चार्ज कार्ड आईच्या हातात देतात. "ही सकाळी, या दोन रात्री, पंधरा दिवसांनी ओपीडीत दाखवा." आई मान हलवते. सगळं मिळून तीन-चार मिनिटं. जिन्यात तिला विचारलं, काय सांगितलं हो, तर ती म्हणते, "बरी झाली म्हणून सोडलं."

सोडलं हे खरं. बरी झाली हे अर्धंच खरं.

वॉर्डाचं काम मर्यादित असतं. जिवाचा धोका टाळायचा, झोप-जेवण रुळावर आणायचं, निदान पक्कं करायचं, औषध सुरू करून ते सोसतंय का ते बघायचं. एवढं काही दिवसांत किंवा आठवड्यांत होतं. पुन्हा वर्गात जाऊन बसणं, "इतके दिवस कुठे होतीस गं?" या प्रश्नाला तोंड देणं, आईशी न भांडता एक संध्याकाळ काढणं, हे वॉर्डात होऊच शकत नाही. तिथे ना वर्ग असतो, ना मैत्रिणी, ना ती संध्याकाळ. म्हणजे उपचाराचा मोठा भाग घरी आल्यावर सुरू होतो, आणि नेमकं तेव्हाच सगळे सुटकेचा श्वास टाकून आपापल्या कामाला लागतात.

बाळंतिणीला सव्वा महिना जपायचं असतं हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. तिनं काय खायचं, कोण जवळ झोपणार, पाहुण्यांनी कधी यायचं, सगळं ठरलेलं. मानसोपचार वॉर्डातून घरी आलेल्या पोरासाठी असा कुठलाच रिवाज नाही. तो बसवावा लागतो. तो कसा बसवायचा, हे सांगायला हा लेख.

सोयीसाठी एक मुलगी धरू. तिला सायली म्हणू. ती कुणी एक खरी मुलगी नाही, अशा कामात भेटणाऱ्या अनेकींची गोळाबेरीज आहे. वय सतरा, बारावी सायन्स, जिल्ह्याच्या ठिकाणापासून पन्नास किलोमीटरवरचं गाव. पंधरा दिवस धड झोपली नाही, कानात आवाज यायला लागले, वर्गातली मुलं मोबाइलमधून आपल्यावर नजर ठेवून आहेत अशी तिची खात्री झाली. शहरातल्या मोठ्या रुग्णालयात चोवीस दिवस काढून ती आता घरी निघाली आहे.

सायलीसारखी मुलं अपवाद नव्हेत. मानसिक आजारांपैकी निम्मे वयाच्या चौदाव्या वर्षापर्यंत सुरू झालेले असतात असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेनं २०१५-१६ साली केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातल्या ७.३ टक्के मुलामुलींना कुठला ना कुठला मानसिक आजार आढळला. यातल्या फार थोड्यांना भरती व्हावं लागतं. पण ज्यांना लागतं, त्यांचं आयुष्य नेमक्या कोणत्या वयात अडतं ते बघा: दहावी, बारावी, पहिलं प्रेम, पहिलं हॉस्टेल.

पहिले बहात्तर तास

देशोदेशींच्या अभ्यासांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली आहे. मानसोपचार वॉर्डातून घरी आल्यानंतरचे पहिले काही दिवस, आणि त्यामागोमाग पहिले तीन महिने, आत्महत्येच्या दृष्टीनं सर्वांत जोखमीचे असतात. ऐकून धक्का बसतो, कारण आपल्याला वाटतं की घरी आली म्हणजे सुखरूप झाली.

याची कारणं साधी आहेत. वॉर्डात रात्री दोन वाजता जाग आली तरी कुणीतरी जागं असतं, घरी त्याच वेळी सगळे घोरत असतात. औषधाचा पूर्ण गुण अजून यायचा असतो. पण सगळ्यात मोठं कारण कुणी बोलून दाखवत नाही. आजार भरात असताना सायलीला आपण आजारी आहोत हेच पटत नव्हतं. आता डोकं निवळलंय, आणि आपण वर्गात ओरडलो, सरांवर आरोप केले, हे सगळं तिला लख्ख आठवतंय. भानावर येण्याची लाज आजारापेक्षा जड होऊ शकते. बरी व्हायला लागलेली मुलगी गप्प गप्प का आहे, याचं उत्तर पुष्कळदा तिथे असतं.

म्हणून इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेनं २०२० पासून दंडक घातला की डिस्चार्जनंतर ७२ तासांच्या आत रुग्णाशी संपर्क व्हायलाच हवा. आधी ही मुदत सात दिवसांची होती. आपल्याकडे असा दंडक नाही, पण फोनला काय लागतं? तो मानसोपचारतज्ज्ञानंच करायला हवा असंही नाही. वॉर्डातली सिस्टर, समाजसेवा अधीक्षक, समुपदेशक, कुणीही चालेल, फक्त सायली त्या माणसाला ओळखत असली पाहिजे. झोप लागली का? गोळ्या मिळाल्या का, घेतल्या का? जेवतेस का? पुढची तारीख माहीत आहे ना? आणि एक प्रश्न आडवळण न घेता विचारायचा: मरून जावंसं वाटतंय का? असं विचारल्यानं मुलांच्या डोक्यात तो विचार भरतो, हा समज चुकीचा आहे. उलट, कुणीतरी विचारलं म्हणून मुलं सुस्कारा सोडतात आणि बोलतात.

घरानं या दिवसांत दोन कामं मुकाट्यानं करून टाकावीत. औषधांचा साठा मोठ्या माणसाकडे कुलपात, सायलीच्या हाती एका वेळी फार तर आठवड्याच्या गोळ्या. आणि शेतकऱ्याचं घर असेल तर फवारणीचं औषध घरातून हलवायचं, शेजाऱ्याच्या बंद गोडाउनमध्ये म्हणा किंवा कुठेही, पण घरात नको. यावर भाषण द्यायची गरज नाही. गॅसचा रेग्युलेटर रात्री बंद करतो तितक्या सहज करायचं. पहारा बसवला तर मुलीला घर वॉर्डापेक्षा वाईट वाटेल.

कार्डावर काय लिहिलंय

डिस्चार्ज कार्ड वाचता येणं ही एक कलाच आहे. १-०-१ म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. ओडी म्हणजे दिवसातून एकदा, बीडी म्हणजे दोनदा, एचएस म्हणजे झोपताना. एसओएस म्हणजे लागलीच तर. या शेवटच्या तीन अक्षरांनी जेवढा गोंधळ घातला आहे तेवढा दुसऱ्या कशानं नसेल. घबराट झाली तरच द्यायची गोळी काही घरांत रोज रात्री न चुकता दिली जाते, आणि काही घरांत खरोखर लागते तेव्हाही डब्यातच राहते.

दुसरा घोळ नावाचा. रुग्णालयातून मिळालेल्या पाकिटावर एका कंपनीनं ठेवलेलं नाव, गावातल्या मेडिकलवाल्यानं दिलेल्या पाकिटावर दुसऱ्या कंपनीचं. आत औषध तेच, रिस्पेरिडोन. आईला वाटतं ही वेगळी गोळी, म्हणून ती दोन्ही देते. किंवा वाटतं मेडिकलवाल्यानं चुकीची दिली, म्हणून एकही देत नाही. कार्डावर मूळ औषधाचं नाव मोठ्या अक्षरांत लिहून घ्या आणि दुकानात पाकीट त्याच्याशी पडताळून बघा. सुटण्याआधी आणखी एक विचारायचं: ही गोळी आमच्या तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मिळते का? मिळत नसेल तर ते डिस्चार्जच्या आधी कळलेलं बरं, डॉक्टर जमलं तर तिथे मिळणारं औषध देतील. वीस दिवसांनी पाकीट संपल्यावर कळलं तर पन्नास किलोमीटरचा हेलपाटा, आणि त्या दिवशी मजुरीही बुडते. औषध "सोडलं" असं आपण म्हणतो त्यातलं कितीतरी खरं म्हणजे संपलेलं असतं.

पण काही वेळा मुलं औषध खरंच सोडतात, आणि त्यालाही कारण असतं. ओलान्झापिनसारख्या गोळीनं भूक वाढते, वजन भराभर वाढतं. सतरा वर्षांच्या मुलीला जीन्स बसेनाशी झाली तर ती कुणाला न सांगता गोळी बेसिनमध्ये टाकणार. तिला "वजनाचं काय एवढं" म्हणणाऱ्यांनी स्वतःचं सतरावं वर्ष आठवून बघावं. वजन वाढेल हे तिला आधी सांगायचं, दर महिन्याला वजन करायचं आणि फारच वाढलं तर गोळी बदलता येते हेही सांगायचं. तिला तिच्याच औषधाच्या चर्चेतून वगळलं की ती आपला निर्णय एकटी घेते. आणि तो महाग पडतो: पहिल्यांदा सायकोसिसचा, म्हणजे भास-संशयानं वास्तवाचं भान सुटण्याचा, झटका आलेल्या रुग्णांवरचा एक अमेरिकी अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला, त्यात औषध थांबवणाऱ्यांत आजार उलटण्याचा धोका सुमारे पाचपट दिसला.

उदासीनतेवरच्या गोळ्यांची वेगळीच अडचण. त्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात, त्रास मात्र पहिल्या दिवसापासून होतो, मळमळ, डोकेदुखी, अस्वस्थता. मधल्या काळात "काही फरक नाही" म्हणून डॉक्टर बदलणारी घरं खूप आहेत.

कायदा काय म्हणतो

२०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१८ पासून लागू आहे. त्याचं कलम ९८ डिस्चार्जबद्दल आहे, आणि ते फारच थोड्या नातेवाइकांना माहीत असतं. सोप्या शब्दांत ते असं: रुग्णाला घरी किंवा दुसऱ्या रुग्णालयात पाठवताना, किंवा डॉक्टर बदलताना, आतापर्यंतच्या मानसोपचारतज्ज्ञानं रुग्णाशी, त्याच्या वतीनं बोलणाऱ्या प्रतिनिधीशी, तो ज्यांच्याकडे राहणार त्या घरच्यांशी आणि पुढे ज्या डॉक्टरकडे जाणार त्यांच्याशी बोलून पुढच्या उपचाराची योजना करायची. हे प्रत्येक डिस्चार्जला लागू आहे. म्हणजे "पुढचं काय?" असं विचारणं ही डॉक्टरांच्या वेळेची नासाडी नव्हे, तो आपला हक्क आहे.

अठरा वर्षांखालच्यांसाठी आणखी तरतुदी आहेत. त्यांना मोठ्यांपासून वेगळं ठेवायचं. पालक किंवा पालकांनी नेमलेली व्यक्ती भरतीच्या सगळ्या काळात सोबत राहायलाच हवी. भरती तीस दिवसांवर गेली तर मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला कळवायचं आणि मंडळानं सात दिवसांत आढावा घ्यायचा.

आता यातली सोबतीची तरतूद नीट बघा. सायलीची आई चोवीस दिवस वॉर्डातच होती. तिथे बाकावर झोपली, डबा खाल्ला, मुलीला आंघोळ घातली, रात्री तिचा हात धरून बसली. कुठल्या वेळी आवाज वाढतात, कोणत्या सिस्टरचं ती ऐकते, गोळीनंतर किती वेळानं पाय थरथरतात, हे तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. चोवीस दिवस ती हाताशी असताना तिला शिकवलं ते शेवटच्या दिवशीच्या तीन मिनिटांत! डिस्चार्जची तयारी भरतीच्या पहिल्या आठवड्यातच सुरू व्हावी असं जाणकार म्हणतात ते यासाठी. रोज दहा मिनिटं म्हणजे चोवीस दिवसांत चार तास. एखाद्या दिवशी गोळ्यांचा डबा आईनंच भरायचा आणि सिस्टरनं बघायचं. एखाद्या दिवशी कार्ड आईनं वाचून दाखवायचं. शेवटच्या आठवड्यात दोन दिवस घरी रजेवर पाठवून बघायचं, कायद्यात तशी रजा आहे. घरी रात्र कशी गेली त्यावरून कितीतरी कळतं.

पोच

आपल्या कारभारात एक छान शब्द आहे, पोच. अर्ज दिला की पोच घ्यायची, म्हणजे समोरच्याला मिळालं याचा पुरावा. मनीऑर्डरची पोच यायची. लग्न होऊन सासरी गेलेल्या मुलीचंही "सुखरूप पोचले" असं पत्र आल्याशिवाय आईला घास जात नसे. आरोग्यसेवेत मात्र रुग्ण पाठवतात, त्याची पोच कुणी मागत नाही. "जिल्हा रुग्णालयात फॉलोअप" असं कार्डावर लिहिलं की पाठवणाऱ्याचं काम संपलं. पोचलेला रुग्ण मोजला जात नाही, आणि न पोचलेल्याबद्दल कुणी विचारत नाही. मधल्या खड्ड्यात किती जण पडले हे कुणाच्याच रजिस्टरमध्ये नसतं.

हे आपलंच दुखणं आहे असंही नाही. इंग्लंडमध्ये मुलांची मानसोपचार सेवा आणि मोठ्यांची सेवा वेगवेगळी असते. अठरा वर्षं झाली की मुलाला इकडून तिकडे जावं लागतं. हा प्रवास नीट होतो का याचा तिथे अभ्यास झाला, २०१० साली तो प्रसिद्ध झाला, आणि पुरेशी पूर्वतयारी, दोन्हीकडच्या डॉक्टरांची एकत्र भेट, माहितीची नीट देवाणघेवाण, उपचारात खंड नाही, असं सगळं जुळून आलेली मुलं पाच टक्केसुद्धा निघाली नाहीत. पैसा आणि माणसं आपल्यापेक्षा कितीतरी जास्त असूनही ही गत.

तर पोच कशी मिळवायची? कार्डावर जागा नको, माणूस हवा. "जिल्हा रुग्णालय, ओपीडी" ऐवजी "मंगळवार, सकाळी अकरा, ग्रामीण रुग्णालय, अमुक सिस्टर, फोन नंबर". सुटण्याआधी त्या सिस्टरशी सायलीचा फोन व्हावा, व्हिडिओवर झाला तर उत्तमच. पहिल्या भेटीला ओळखीचं कुणी सोबत असावं. आणि मंगळवारी दुपारी वॉर्डातून फोन जावा, आली का? आली नसेल तर सायलीच्या घरी दुसरा फोन. बस, एवढंच. यात नवीन इमारत नको, नवीन मशीन नको.

न्यूयॉर्कमध्ये बेघर मनोरुग्णांना निवाऱ्यातून स्वतःच्या घरात हलवताना याच विचारातून एक पद्धत बसवली गेली. नऊ महिने एकच कार्यकर्ता सोबत. पहिले तीन महिने अगदी जवळून, दुसरे तीन जरा लांबून बघत, शेवटचे तीन हळूहळू हात सोडत. सायकल शिकवताना बाप मागे धावतो तसं. सीट कधी सोडली हे पोराला कळत नाही, पण सुरुवातीला धरलेली असते हे नक्की.

जायचं कुठे

महाराष्ट्रात ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, गोव्यात बांबोळीला मोठी संस्था आहे. पण रोजच्या उपचाराला तिथे जायचं नसतं. १९९६ पासून देशात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम चालू आहे. त्यात जिल्हा रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, समाजकार्यकर्ता आणि परिचारिका असा चमू असावा लागतो, आणि पुष्कळ जिल्ह्यांत हा चमू ठरलेल्या दिवशी तालुक्याला जातो. असावा लागतो म्हणजे सगळीकडे असतो असं नाही. पदं रिकामी असतात. आधी फोन करून वार विचारून घ्या, नाहीतर बुधवारी जाल आणि ओपीडी गुरुवारी असेल.

तज्ज्ञ कमी आहेत हे सगळ्यांना माहीत आहे, पण प्रशिक्षण दिलेली गावातली माणसं बरंच काम करू शकतात हेही आता सिद्ध झालं आहे. सातारा, गोवा आणि तामिळनाडूत स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०१४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात डॉक्टरांच्या नेहमीच्या उपचाराला स्थानिक कार्यकर्त्यांच्या घरभेटींची जोड दिली. ज्यांना ही जोड मिळाली त्यांचं रोजच्या जगण्यातलं अडणं नुसत्या दवाखान्याच्या उपचारापेक्षा काहीसं जास्त कमी झालं. फरक प्रचंड नव्हता, हेही सांगायला हवं. पुण्यातली स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन, ठाण्यातली आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ), गोव्यातली संगाथ अशा संस्थांचा रुग्णांना आणि घरच्यांनाही आधार असतो.

आणि रात्री-अपरात्री, कुणीच नसताना, १४४१६. ही टेलिमानस सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली, फोन फुकट लागतो, मराठीत बोलता येतं, चोवीस तास. हा नंबर सायलीच्या आणि आईच्याही मोबाइलमध्ये वॉर्डात असतानाच घालून घ्या. संकटात नंबर शोधायचं सुचत नाही.

देवळात, दर्ग्यात, भगताकडे जाणारेही असतात. त्यांना हसण्यात अर्थ नाही, कारण हसलं की ते जाणं थांबवत नाहीत, सांगणं थांबवतात. नारळ फोडा, पण गोळी चुकवू नका आणि मारहाण, उपासमार, साखळी यांना पोरीच्या जवळ फिरकू देऊ नका, एवढं स्पष्ट बोलावं.

घर

१९५० च्या दशकाच्या अखेरीस जॉर्ज ब्राउन हे समाजशास्त्रज्ञ लंडनमध्ये रुग्णालयातून सुटलेल्या रुग्णांचं पुढे काय होतं ते बघत होते. त्यांना एक विचित्र गोष्ट आढळली. भावंडांकडे किंवा भाड्याच्या खोलीत राहायला गेलेले रुग्ण आई-वडिलांकडे किंवा बायकोकडे गेलेल्यांपेक्षा बरे राहत होते. म्हणजे माया जास्त तिथे आजार उलटण्याचं प्रमाणही जास्त? पुढे वर्षानुवर्षं संशोधन झालं तेव्हा उलगडा झाला. दोष मायेचा नव्हता. सतत टीका, राग आणि जीव गुदमरेल इतकी काळजी, या तीन गोष्टी घरात जास्त असतील तर आजार परत यायचा. अशा माणसासमोर आठवड्याला ३५ तासांहून जास्त वेळ जात असेल तर धोका आणखी वाढायचा.

पस्तीस तास! आपल्या वन रूम किचनमध्ये ते तीन दिवसांत होतात. कुठे जाणार माणूस? चंडीगडमध्ये असाच अभ्यास झाला तेव्हा आपल्याकडच्या कुटुंबांत टीकेचं प्रमाण लंडनपेक्षा कमी निघालं, हे आपल्या जमेचं. पण जागा लहान असते हे उण्याचं. तास कमी करता येत नसतील तर दोन गोष्टी करता येतात. सायलीला रोज दोन-तीन तास जायला घराबाहेर एक जागा हवी, अभ्यासिका, आत्याचं घर, शिवणक्लास, काहीही. आणि घरातली भाषा बदलायला हवी.

म्हणजे कशी? सकाळचे दहा वाजलेत, सायली अजून अंथरुणात आहे. आई म्हणते, "उठ की आता, किती लोळशील, त्या शेजारच्या पूजाला बघ." हे वाक्य महाराष्ट्रातल्या प्रत्येक घरात रोज म्हटलं जातं आणि एरवी त्यानं कुणाचं काही बिघडत नाही. पण सायलीच्या रात्रीच्या गोळीची गुंगी अजून उतरलेली नाही. तिला ते "तू ढोंग करतेस" असं ऐकू येतं. त्याऐवजी: "चहा ठेवलाय. साडेदहाला मी भाजी आणायला चाललेय, येतेस?" यात टोमणा नाही, तुलना नाही, आणि उठायला एक निमित्त आहे. आली तर आली. उपाय म्हणून हे फारच किरकोळ वाटतं, मला माहीत आहे. पण रोजच्या वीस वाक्यांतली पाच जरी बदलली तरी घरातली हवा बदलते.

काळजीचंही तसंच. तिच्या मागे बाथरूमपर्यंत जाणारा बाप काळजीपोटीच जातो. त्याला रागवून उपयोग नाही, त्याचीही रात्रीची झोप गेलेली असते. घरच्यांसाठीचे स्वमदत गट म्हणून तर लागतात, आपल्यासारखाच दुसरा बाप भेटावा यासाठी.

कॉलेज आणि अठरावा वाढदिवस

कॉलेजला काय सांगायचं? लागेल तेवढंच. उपस्थितीसाठी वैद्यकीय दाखला लागतो, पण आजाराचा सगळा इतिहास वर्गशिक्षकांना सांगायची गरज नाही, ती माहिती गोपनीय ठेवली जाण्याचा तिला हक्क आहे. एका विश्वासाच्या शिक्षकांना मात्र जरा जास्त सांगून ठेवावं. पहिला आठवडा दोनच तास, मग अर्धा दिवस, मग पूर्ण. मैत्रिणींसाठी सायलीनं स्वतःच एक वाक्य ठरवून ठेवावं आणि ते आरशासमोर म्हणून बघावं: "तब्येत फार बिघडली होती, आता औषध चालू आहे." कुणी आणखी खोदून विचारलं तर तेच वाक्य पुन्हा.

अठरा झाल्यावर कायद्याच्या दृष्टीनं चित्र पालटतं. तोवर आई-वडीलच तिचे प्रतिनिधी. अठराव्या वाढदिवसापासून ती स्वतः ठरवू शकते की आपण निर्णय घ्यायच्या अवस्थेत नसू तेव्हा आपल्या वतीनं कोण बोलेल. ती वडिलांऐवजी आत्याचं नाव देऊ शकते. पुन्हा आजारी पडलो तर कोणते उपचार हवेत, कोणते नकोत, हेही आगाऊ लिहून ठेवू शकते. काही पालकांना हे टोचतं. पण ज्या मुलीला महिनाभर सगळ्यांनी उचलून इकडून तिकडे ठेवलं, तिला एक तरी कागद स्वतःच्या सहीचा असणं किती मोठं वाटत असेल?

इंग्लंडमध्ये अठराव्या वर्षी सेवा तुटते. आपल्याकडे बहुधा तोच डॉक्टर पुढेही बघतो, त्यामुळे ती रेघ तितकी जाचत नाही. आपल्याकडे धागा तुटतो तो बारावीनंतर, पोरं पुण्याला पीजीत राहायला जातात तेव्हा. नवं शहर, मेसचं जेवण, रात्रीची जागरणं, रूममेटसमोर गोळी कशी घ्यायची हा संकोच. ॲडमिशनच्या धावपळीत नव्या शहरातला डॉक्टर शोधायचं काम यादीत शेवटी जातं. ते हॉस्टेलच्या आधी करा.

राहता राहिला एक कागद, अर्ध्या फुलस्केपचा. सायलीनं तो वॉर्डातल्या शेवटच्या आठवड्यात समुपदेशक मॅडमसोबत बसून स्वतःच्या अक्षरात लिहिला आणि घरी आल्यावर कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. बाहेरून नको म्हणाली, पाहुणे येतात. वर लिहिलंय, "माझं बिघडायला लागलं की". खाली: सलग दोन रात्री चार तासांपेक्षा कमी झोप. मोबाइल उलटा करून ठेवते. केस विंचरत नाही. सगळे माझ्याबद्दल बोलतायत असं वाटतं. त्याखाली, "मग काय करायचं": आईला सांगायचं. आईनं ओरडायचं नाही. सिस्टरना फोन. रात्र असेल तर १४४१६. पुस्तकात छापलेली लक्षणांची यादी सगळ्यांना सारखी असते, केस न विंचरणं फक्त सायलीचं. म्हणून तर आईच्या नजरेला ते तिसऱ्याच दिवशी पडतं.

मंगळवारी सकाळी एसटी वीस मिनिटं उशिरा सुटली. अकराच्या जागी साडेअकरा झाले. ग्रामीण रुग्णालयाच्या व्हरांड्यात चाळीसेक माणसं, बहुतेक ताप-खोकल्याची. सायली ओढणीत तोंड लपवून उभी. आई कार्ड काढायला पिशवीत हात घालणार तोच आतून सिस्टर बाहेर आल्या, इकडे-तिकडे बघत. "सायली कोण? फोनवर बोललो होतो ना आपण. ये, आत ये. तुमच्या मोठ्या दवाखान्यातून दोनदा विचारणा झाली, आली का म्हणून."